वेगाबरोबर वाढणारी घरघर : दोष चाकाचा की रस्त्याचा?

शहरात ताशी ४० किलोमीटरने निमूटपणे धावणारी मोटार समृद्धी महामार्गावर चढते, वेगाचा काटा नव्वदीच्या पुढे सरकतो आणि पायांखालून एक घरघर सुरू होते. वेग वाढवला की ती वाढते, कमी केला की विरते. गाणी लावून ती काही काळ झाकता येते. पण घरी परतल्यावर गाडी गॅरेजमध्ये जातेच. तिथला फिटर चौकापर्यंत एक फेरी मारून येतो आणि 'काही नाही साहेब, टायरचा आवाज आहे' असे सांगतो. दुसरा गॅरेजवाला बेअरिंग गेल्याचे निदान करतो, तर तिसरा अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे बिल हाती ठेवतो. या तिघांपैकी एकानेही गाडी ज्या वेगाला आवाज करते त्या वेगाने चालवून पाहिलेली नसते. गल्लीत ते शक्यही नसते.

मोटारमालकांच्या या तक्रारीला गेल्या काही वर्षांत वेगळे महत्त्व आले आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाल्यानंतर ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. मोटारींना येथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्याआधी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा तास-सव्वा तास सोडला, तर एवढ्या वेगाने सलग चालण्याची सवय ना येथील चालकांना होती, ना त्यांच्या गाड्यांना. मुंबई, नाशिक किंवा नागपूरच्या रस्त्यांवर खड्डे आणि गतिरोधक झेलत झिजलेली चाके आता सात-आठ तास अखंड वेगाने फिरू लागली आहेत.

या बदलाचा हिशेब सोपा आहे. लहान मोटारीच्या टायरचा परीघ साधारण १.९ मीटर असतो. ताशी ४० किलोमीटरला असे चाक सेकंदाला सहाच्या आसपास फेरे घेते, १२० ला सतराहून अधिक. चाकाच्या कडेला चिकटलेल्या असमतोल वजनाचा ओढा मात्र तिप्पट नव्हे, नऊपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नागपूरहून मुंबईला पोहोचेपर्यंत प्रत्येक चाक साडेतीन लाखांहून अधिक वेळा फिरलेले असते. शहरात जो दोष महिनोन् महिने झाकला जातो, तो या रस्त्यावर अर्ध्या तासात बोलू लागतो.

तो ऐकायचा कोणी, हा मात्र प्रश्नच आहे. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून त्यावरील अपघातांच्या बातम्यांमध्ये 'टायर फुटल्याने' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की पुढे चौकशीची गरजच वाटेनाशी झाली. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हाही चालकाने पहिले कारण टायर फुटल्याचेच सांगितले होते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या प्राथमिक अहवालाने ते फेटाळले. टायर फुटल्याच्या खुणा घटनास्थळी आढळल्या नव्हत्या. टायर फुटण्याचे प्रकार या मार्गावर घडतात, यात शंका नाही. पण 'टायर गेला' हे उत्तर जितके सोयीचे आहे तितकेच अपुरेही आहे. तो का गेला, त्याआधी त्याने आवाज, थरथर किंवा ओढ या रूपाने काही सांगितले होते का, हे कोणी विचारत नाही. गॅरेजमधले 'टायरचा आवाज आहे' आणि महामार्गावरचे 'टायर फुटला' ही एकाच सवयीची दोन टोके आहेत.

त्याच वर्षी परिवहन विभागाच्या पथकांनी समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून गुळगुळीत झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवण्यास सुरुवात केली. उपाय योग्यच होता. पण त्याचा आवाका मर्यादित आहे. नियमानुसार मोटारीच्या टायरवरील खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते, आणि तेवढीच गोष्ट उभ्या गाडीत डोळ्यांना दिसते. खाच चांगली तीन मिलिमीटर आहे, पण टायर नऊ वर्षांचा आहे. बाहेरून सर्व ठीक आहे, पण आतल्या बाजूला खड्ड्याने फुगा आला आहे. किंवा टायर नवा आहे आणि त्यामागचे बेअरिंग खडखडते आहे, अशी गाडी या तपासणीतून सहज सुटते.

कायद्याची स्थितीही फारशी दिलासा देणारी नाही. टॅक्सी, बस, ट्रक यांना योग्यता प्रमाणपत्रासाठी ठराविक काळाने तपासणीला न्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम १५ वर्षांसाठी होते आणि तोपर्यंत सरकारी यंत्रणा तिच्या चाकांकडे पाहत नाही. दरवर्षी सक्तीची असते ती फक्त 'पीयूसी', म्हणजे धुराची तपासणी. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी, तर जर्मनीत साधारणपणे दर दोन वर्षांनी टायर, ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे यांची तपासणी बंधनकारक आहे. येथे विषारी धूर नाही याचे प्रमाणपत्र काचेमागे असते. पण चाक जागेवर राहील की नाही, याची ग्वाही फक्त चालकाच्या कानावर सोडलेली आहे.

म्हणूनच या कानाला थोडे शिक्षण मिळणे आवश्यक ठरते.

पहिला संशयित रस्ताच आहे, आणि बऱ्याचदा तोच दोषी निघतो. समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हे प्रामुख्याने सिमेंट काँक्रीटचे आहेत. ओल्या काँक्रीटवर चाके घसरू नयेत म्हणून ते कडक होण्याआधी त्यावर बारीक आडव्या रेघा ओढतात. या रेघांवरून टायर वेगाने जाताना एकसुरी शीळ किंवा गुणगुण उमटते. स्लॅबच्या जोडांवर 'टक-टक' असा ठेका धरला जातो. डांबरी रस्त्याची सवय असलेल्या कानाला हा बिघाड वाटतो. ओळखण्याची रीत साधी आहे. काँक्रीट संपून डांबरी भाग लागला, पुलावरचा थर बदलला किंवा लगतची मार्गिका वेगळ्या पोताची असली की त्याच वेगाला आवाजात काय फरक पडतो, ते ऐकावे. आवाज क्षणात बदलला, तर तो रस्ता आणि टायर यांच्या स्पर्शाचा आहे. तसाच राहिला, तर शोध गाडीच्या आत घ्यावा लागेल. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या मालकांना हा त्रास अधिक जाणवतो. त्यांची चाके जास्त गुणगुणतात असे नव्हे; इंजिनचा आवाजच नसल्याने चाकांची प्रत्येक कुरकुर उघडी पडते.

यासंदर्भात केंद्राने जून २०२२ मध्ये काढलेल्या अधिसूचनेचाही उल्लेख करायला हवा. टायरचा घर्षणरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि फिरतानाचा आवाज यांच्या मर्यादा तिने ठरवल्या आणि नव्या बनावटीच्या टायरना त्या १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाल्या. पण ही मोजणी नव्या टायरची आणि गाडीबाहेरच्या आवाजाची असते. वीस हजार किलोमीटरनंतर वेडावाकडा झिजलेला टायर गाडीच्या आत किती ओरडेल, याचे उत्तर त्यात नाही.

रस्ता निर्दोष ठरला की दुसरा प्रश्न विचारायचा : आवाज वेगाशी बांधलेला आहे की इंजिनाच्या फेऱ्यांशी? मोकळ्या, सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबला आणि इंजिन शांत होऊनही घरघर त्याच सुरात चालू राहिली, तर ती चाकांकडूनच येते आहे. हे पाहताना इंजिन बंद करण्याचा आगाऊपणा मात्र कोणी करू नये. स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत जाते.

येथून पुढे खरी लढत टायर आणि व्हील बेअरिंग यांच्यात असते. दोघांचा आवाज इतका सारखा असतो की अनुभवी कारागीरही फसतात, आणि ग्राहकाचे हजारो रुपये वाया जातात ते याच ठिकाणी. बेअरिंग म्हणजे चाक ज्यावर फिरते ती पोलादी गोळ्यांची कडी. खड्ड्यात जोरात आपटल्याने गोळ्या ज्या चाकोरीत फिरतात तिला सूक्ष्म खळगे पडतात. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली आणि सील जुने असले, तर पाणी आत शिरून ग्रीस निकामी होते. मुंबईकरांच्या गाड्यांना हे दोन्ही प्रसाद दरवर्षी मिळतात. बिघाडाची सुरुवात जुलैमध्ये होते, पण घरघर ऐकू येते ती दिवाळीच्या सुट्टीत गावी निघाल्यावर. मधल्या काळात गाडीने साठचा वेगच पाहिलेला नसतो.

बेअरिंगची ओळख वळणावर पटते. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो. सदोष बेअरिंग डाव्या बाजूला असेल, तर त्या क्षणी घरघर वाढते आणि डावीकडे वळताना कमी होते. महामार्गाच्या लांब, सौम्य वळणांवर हे सहज कळते. त्यासाठी भर वेगात गाडी नागमोडी चालवण्याची गरज नाही. टायरचा आवाज अशा वळणांवर सहसा एवढा बदलत नाही. तो बदलतो पृष्ठभागानुसार. बेअरिंगला मात्र काँक्रीट काय आणि डांबर काय, सारखेच. गुणगुण, मग घरघर, मग दळण दळल्यासारखा खरखरता आवाज, अशा पायऱ्यांनी ते हळूहळू वाढत जाते.

टायरची तपासणी तर कोणालाही तळहाताने करता येते. गाडी थंड असताना नक्षीवरून हात एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवावा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखे लागले, तर चाकांची दिशा चुकलेली आहे, अलाइनमेंट हवी. ठरावीक अंतराने खळगे लागले, तर बहुधा शॉक ॲब्सॉर्बर थकले आहेत आणि चाक रस्त्यावर सूक्ष्म उड्या मारते आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांत मागच्या टायरवर भार कमी असल्याने तेथे ही विषम झीज पुष्कळदा दिसते आणि आवाज मागच्या बाजूने येतो. अशा वेळी कारागीर मागचे बेअरिंग बदलून मोकळा होतो! त्याऐवजी पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून तेच अंतर पुन्हा त्याच वेगाने कापावे. आवाजाची जागा किंवा सूर बदलला, तर दोषी टायर. काहीच बदलले नाही, तर बेअरिंग. या अदलाबदलीचा खर्च बेअरिंगच्या किमतीपुढे नगण्य असतो. दर आठ-दहा हजार किलोमीटरला ती केली, तर आवाज बहुधा सुरूच होत नाही.

गॅरेजमध्ये चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहण्याची पद्धत आहे. खेळ जाणवला तर बेअरिंग खराब, हे खरे. पण खेळ नाही म्हणून बेअरिंग चांगले, हा निष्कर्ष चुकीचा. सध्याच्या गाड्यांतील बंद हब-बेअरिंग बराच काळ खेळ न दाखवताही ओरडत राहतात. चाक हाताने फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवल्यास आतली खरखर बोटांना कळते. जुन्या फिटरना ही रीत ठाऊक असते. घाईत ती वापरली जात नाही, एवढेच.

थरथर हा वेगळा विषय आहे. साधारण ८० ते ११० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरू लागते आणि त्यापुढे शांत होते, तेव्हा चाकाचा समतोल बिघडलेला असतो किंवा रिमला बेंड आलेला असतो. थरथर स्टिअरिंगऐवजी आसनाला जाणवली, तर मागच्या चाकांकडे पाहावे. चाक रिमसकट बॅलन्स करून हे सुटते. हलका ब्रेक दाबताच आवाज बदलत असेल, तर शोध ब्रेककडे वळवावा. प्रवासानंतर एका रिमजवळ इतरांपेक्षा जास्त धग लागणे, जळका वास येणे ही ब्रेक अडकल्याची चिन्हे आहेत; रिमला थेट हात लावू नये, जवळ नेला तरी पुरते. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर एकाएकी कर्कश किंचाळी सुरू झाली, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलेला असण्याचा संभव असतो. आणि नव्वदीनंतरचा फडफडाट पुष्कळदा चाकाचा नसतोच. चाकावरच्या प्लास्टिक लाइनरची क्लिप निघालेली असते. दहा-वीस रुपयांच्या या क्लिपसाठी टायर बदलल्याची उदाहरणे टायरच्या दुकानांत ऐकायला मिळतात.

आतापर्यंतचे आवाज सावकाश सोडवता येतात. दोन मात्र नाहीत.

पहिला, चाकाच्या फेऱ्याबरोबर पडणारा 'धप-धप' असा जड ठोका, जो पाहता पाहता वाढत जातो आणि गाडी डोलू लागते. टायरचे आतले थर सुटू लागल्याचे किंवा बाजूला फुगा आल्याचे हे लक्षण आहे. असा टायर फुटण्याआधी काही मिनिटे किंवा काही किलोमीटर सूचना देतो. दुसरा, चाक नुकतेच काढून बसवलेले असताना येणारा 'खट-खट' आवाज. नट ढिले असतील, तर पुढची पायरी चाक निखळण्याची असते. दोन्ही प्रसंगी जोरात ब्रेक न दाबता वेग हळूहळू उतरवावा, धोक्याचे दिवे लावून डावीकडे शक्य तितके बाहेर थांबावे आणि प्रवाशांनी कठड्यापलीकडे उभे राहावे. 'पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जाऊ' हा विचार समृद्धीवर विशेष घातक आहे, कारण तेथे दोन थांब्यांमधले अंतर शहरातल्या अंदाजात बसत नाही. पंक्चर काढल्यावर किंवा टायर बदलल्यावर ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यावेत, ही सूचना अनेक वाहनपुस्तिकांत असते. ती पाळणारे मात्र विरळा.

हवेच्या दाबाबाबत एक गैरसमज चालकांत घट्ट बसला आहे. लांबच्या प्रवासात टायर तापतात, म्हणून निघताना हवा थोडी कमी ठेवावी, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, त्या वाकण्यातूनच उष्णता निर्माण होते आणि ती थरांना सोडवते. विदर्भातल्या मे महिन्यात काँक्रीट तापलेले असताना, चार प्रवासी आणि टपावर सामान असताना, कमी हवेचा टायर १२० च्या वेगाने नेणे यासारखा दुसरा धोका नाही. चालकाच्या दारापाशी लावलेल्या स्टिकरवरील दाब, आणि पूर्ण भारासाठी दिलेला वाढीव आकडा, गाडी थंड असताना भरणे हेच योग्य. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडेही पाहावेत. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. फक्त रविवारी बाहेर निघणाऱ्या गाडीची नक्षी शाबूत असते, पण रबर वयाने कडक होते. अशी गाडी महिनाभर एकाच जागी उभी राहिली, तर टायरचा खालचा भाग चपटा होतो आणि सुरुवातीचे काही किलोमीटर ठोके देतो. ते विरले तर ठीक. विरले नाहीत तर टायर बदलण्याची वेळ झाली आहे.

राहता राहिला गॅरेजचा प्रश्न. पुण्यातल्या कारागिराने गाडी नव्वदीला चालवून पाहायची, तर त्याला द्रुतगती मार्गापर्यंत जावे लागेल, टोल भरावा लागेल आणि अर्धा दिवस मोडेल. त्याचे पैसे बिलात लावले तर ग्राहक भांडतो. सुटा भाग बदलल्याचे पैसे तो मुकाट्याने देतो. ही चाचणी मग मालकालाच करावी लागते. प्रवासात शेजारी बसलेल्या व्यक्तीने मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि त्यातच वेग, रस्ता काँक्रीटचा की डांबरी आणि वळण कोणत्या बाजूचे होते, हे मोठ्याने बोलून ठेवावे. दुभाजकाची भिंत लगत असेल, तेथे खिडकी दोन बोटे उघडली की त्या बाजूच्या चाकांचा आवाज भिंतीवर आपटून स्पष्ट परत येतो. एवढी नोंद हाती असेल, तर 'आवाज येतोय, बघा जरा' असे सांगून चावी देण्याऐवजी 'उजव्या वळणावर वाढतो, डांबरावर बदलत नाही, क्लच दाबला तरी राहतो' असे सांगता येते. मग फिटर चौकापर्यंतची फेरी न मारता थेट डावे पुढचे चाक जॅकवर घेतो.